आई-वडिलांचा जर्मनीतील पहिला उन्हाळा : हमीपत्रापासून परतीच्या विमानापर्यंत

जर्मनीत नोकरीसाठी येऊन वर्ष-दीड वर्ष झाले, निवास परवाना हाती आला आणि भाड्याचे घर जरा लागते झाले, की बहुतेक मराठी घरांत आई-वडिलांना इकडे आणण्याचा विचार सुरू होतो. अशा वेळी पहिला प्रश्न सहसा ‘काय काय दाखवायचे’ हा असतो. खरे तर तो शेवटचा असायला हवा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, मिळणारे जास्तीत जास्त नव्वद दिवस म्हणजे सहल नव्हे, तो मुक्काम असतो, आणि मुक्काम नीट पार पडायचा असेल तर काळ, कागदपत्रे, सामान, घर आणि प्रवास या क्रमाने तयारी करावी लागते. पुढील मजकूर जर्मनीत राहणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. व्हिसाचे मूळ नियम सर्व शेंगेन देशांत सारखे असले, तरी हमीपत्राची पद्धत देशागणिक बदलते, हे नेदरलँड्स किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

आधी काळ ठरवा

भारतातील एप्रिल-मेचा उन्हाळा टळावा म्हणून अनेक जण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच आई-वडिलांना बोलावतात. परंतु जर्मनीतील एप्रिल बेभरवशाचा असतो. सकाळी ऊन, दुपारी गार पाऊस आणि कधीकधी बर्फाचा शिडकावाही होतो. पुण्या-नाशिकहून थेट आलेल्या साठीपुढच्या माणसांना ही थंडी बाधते, आणि पहिले दोन आठवडे घरातच जातात. माझ्या मते मेच्या मध्यावर यावे आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परतावे, हा सर्वांत सोयीचा काळ आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलगा किंवा सून कामावरून परतल्यावरही सगळ्यांना मिळून तास-दोन तास बाहेर पडता येते. शिवाय गणपतीला घरी असणे ज्यांना आवश्यक वाटते, त्यांची ती सोय आपोआप होते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे थोडी जास्तच सवड मिळते.

याला अपवाद ट्यूलिपचा. नेदरलँड्समधील लिस्से गावाजवळची कॉयकेनहोफ बाग साधारण मार्चच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. आईच्या मनात ती फुले पाहण्याची इच्छा पहिल्यापासून असेल, तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरावा आणि गरम कपडे सोबत आणायला सांगावेत.

हमीपत्र आणि व्हिसा

काळ ठरला की उलटे मोजत यावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यात उन्हाळ्यापूर्वी अर्जकेंद्रांतील अपॉइंटमेंट लवकर भरतात. म्हणून मेच्या मध्यावर यायचे असेल तर फेब्रुवारीत अर्ज जाईल अशा बेताने डिसेंबर-जानेवारीतच कामाला लागावे.

पहिले काम आपल्याकडचे असते, ते म्हणजे हमीपत्र; जर्मनीत त्याला फेरफ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग म्हणतात. पाहुण्यांचा राहण्याचा, खाण्याचा, आजारपणाचा आणि वेळ आलीच तर परत पाठवण्याचा खर्च आपण उचलू, अशी कायदेशीर हमी आपण राहत्या गावाच्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहर्डेत, स्वतः हजर राहून देतो. तिचे शुल्क 29 युरो आहे. पासपोर्ट, निवास परवाना, भाडेकरार आणि शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके सहसा मागितली जातात. नेमकी यादी आणि उत्पन्नाची अपेक्षा मात्र गावानुसार बदलते, त्यामुळे आपल्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावरून ती घ्यावी. मोठ्या शहरांत या कामाची वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. हमीपत्र दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हिसा अर्जासोबत जोडावे लागते आणि मूळ प्रतच चालते, म्हणून ते कुरियरने वेळेत घरी पोहोचेल याची काळजी घ्यावी. ज्यांचे वडील निवृत्तिवेतन घेतात आणि ज्यांच्या खात्यात पुरेशी रक्कम आहे, ते स्वतःच्या बळावरही अर्ज करू शकतात. तरीही हमीपत्र जोडल्याने अर्ज भक्कम होतो.

महाराष्ट्रातील अर्जदारांचा जर्मन व्हिसा मुंबईच्या महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो आणि अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात दिला जातो. शुल्क जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे पडते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. आरोग्य विमा किमान 30,000 युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा लागतो. विम्याबाबत एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो, ती अशी की मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांसारखे आधीपासूनचे आजार बहुतेक स्वस्त विम्यांतून वगळलेले असतात. व्हिसापुरता कोणताही विमा चालेल, पण रुग्णालयाची पाळी आली तर त्या वगळलेल्या ओळींची किंमत हजारो युरोंत मोजावी लागते. थोडे अधिक पैसे देऊन आधीच्या आजारातून उद्भवलेल्या तातडीच्या उपचाराचा समावेश असलेला विमा घ्यावा आणि त्याच्या अटी आपण स्वतः वाचाव्यात. हे काम एजंटावर सोपवू नये.

मराठी कुटुंबांना सर्वाधिक घोळ नावांचा भोवतो. आपल्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव असते, लग्नात बदललेले दुसरे नाव तिच्या पासपोर्टवर असते, आणि आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले नाव सापडते. कुठे नुसते ‘सुमन’, कुठे ‘सुमनबाई’, कुठे पतीचे नाव मधले, तर कुठे तेच पहिल्या नावाला जोडून आलेले असते. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या वेगवेगळ्या व्यक्ती असू शकतात. म्हणून नाते सिद्ध करणारे सगळे कागद आधी एका टेबलावर मांडावेत आणि प्रत्येकावरील नाव अक्षरशः जुळवून पाहावे. फरक आढळला तर विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र यांपैकी जे लागू पडेल ते जोडावे आणि आमंत्रणपत्रातही एका वाक्यात त्याचा खुलासा करावा. हे काम अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात होत नाही. तहसील आणि नोटरीच्या फेऱ्यांसाठी महिनाभर हाताशी ठेवावा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हेही ठरलेले आहे. जिथे सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे. पॅरिस आणि रोम पाहणार असलो तरी मुक्काम आपल्या घरी असल्याने अर्ज जर्मनीकडेच होतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र शेंगेनच्या बाहेर आहेत. लंडनला किंग हेन्रीज रोडवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घर पाहण्याची इच्छा अनेकांच्या वडिलांना असते, आणि ती पूर्ण व्हावीच. पण त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा भारतातूनच काढून आणणे सोयीचे पडते.

व्हिसा हाती आला की त्यावरील दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात. ‘पासून-पर्यंत’ या तारखा म्हणजे व्हिसाची वैधता, आणि दिवसांचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष राहण्याची मुभा. वैधता साडेतीन महिन्यांची दिसली तरी दिवसांच्या रकान्यात साठ असेल तर साठच. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजणीत धरले जातात. कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांच्या काळात नव्वदपेक्षा जास्त दिवस राहता येत नाही, आणि ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या संगणकीय नोंदप्रणालीमुळे हे दिवस यंत्र मोजते. परतीचे तिकीट शेवटच्या दिवसाचे न काढता तीन-चार दिवस आधीचे काढावे. संप किंवा विमान रद्द होणे हे युरोपात अपूर्व नाही.

सामान

आईच्या मनात मुलासाठी काय काय न्यायचे याची यादी व्हिसाच्या आधीपासून तयार असते, म्हणून नियम तिला लवकर सांगावेत. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. याचा सरळ अर्थ पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड, पनीर आणि तूप घरीच ठेवायचे. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांनाच त्यातून सूट आहे, हापूसला नाही. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ, कोकम, चिवडा आणि चकली यांना अडचण येत नाही. कोकणातील वाचकांना आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे वैयक्तिक वापरासाठी वीस किलोपर्यंत मासे चालतात, त्यामुळे सुकट-बोंबील आणता येतात. फक्त ते अशा रीतीने बांधावेत की बाकीच्या कपड्यांना वास लागणार नाही. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस सोबत अजिबात नको, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती बेकायदेशीर आहे. 2026 च्या अधिक महिन्यात जावयासाठी अनारसे आणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणावीत. स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतचा साठा जर्मनीत चालतो. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, छापील आणि औषधाच्या मूळ रासायनिक नावासह असावी, कारण भारतातील कंपनीचे नाव इथल्या औषधविक्रेत्याला काहीच सांगत नाही. निम्मी औषधे हातसामानात ठेवावीत.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मदत किमान 48 तास आधी विमान कंपनीला कळवून मागता येते आणि ती विनामूल्य असते. गुडघे दुखत असतील किंवा लांबलचक टर्मिनल चालणे जड जाणार असेल, तर संकोच न करता मागावी. आमंत्रणपत्र, विमा, परतीचे तिकीट आणि आपला दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून हातपिशवीत द्यावा; मोबाईलच्या भरवशावर राहू नये. प्रवेशाच्या वेळी अधिकारी कुठे राहणार, किती दिवस आणि कोणाकडे, एवढेच बहुधा विचारतो. ही तीन उत्तरे आदल्या रविवारी फोनवर एकदा म्हणवून घ्यावीत.

घर

सहा आठवड्यांपर्यंतच्या पाहुण्यांना घरमालकाची हरकत सहसा नसते. त्याहून अधिक काळ ते राहणार असतील तर आधी दोन ओळी लिहून कळवणे चांगले. परदेशात कायमचे राहणाऱ्या पाहुण्यांना तीन महिन्यांच्या आतील मुक्कामासाठी नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागत नाही.

आल्यानंतरचा पहिला आठवडा फिरण्यासाठी नव्हे, घर शिकवण्यासाठी ठेवावा. सर्वांत आधी दार. इथल्या घरांची दारे नुसती ओढून लावली तरी किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाहीत. आई कचरा टाकायला चार पावले बाहेर गेली, मागून दार लागले आणि किल्ली आत राहिली, तर कुलूपवाल्याला बोलावण्याचा खर्च शंभर युरोंच्या पुढे सहज जातो आणि ती बिचारी जिन्यात बसून राहते. दाराच्या आतल्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर ‘किल्ली’ असे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे आणि एक जादा किल्ली ओळखीच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. त्यानंतर शेगडी, धूरसूचक आणि खिडकी. फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी पूर्ण उघडायची, हे पहिल्याच दिवशी करून दाखवावे. रात्री दहानंतर मिक्सर आणि कुकर बंद, हेही. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणायची.

मग त्यांना एकट्याने जाता येतील अशा दोन-तीन जागा द्याव्यात. कोपऱ्यावरची बेकरी, जवळचे उद्यान, आणि ज्याने रिकाम्या बाटल्या परत करता येतात ते सुपरमार्केटमधील यंत्र. प्लास्टिकच्या बाटलीमागे पंचवीस सेंट परत मिळतात. यंत्रात बाटली आडवी ठेवायची, ती आत गेली की पुढची, आणि शेवटी हिरवे बटण दाबून आलेली पावती गल्ल्यावर द्यायची. एवढे जमले की वडिलांना रोज सकाळचे एक स्वतःचे काम मिळते. आपण आठ तास कामावर असतो आणि ही दोघे भाषा न कळणाऱ्या गावात चार भिंतींत बसून असतात. कंटाळ्याची तक्रार ती करणार नाहीत, पण महिनाभरात ‘तिकीट अलीकडे येतंय का बघ’ असे शब्द कानावर येतात. ते टाळण्याचा उपाय मोठ्या सहलींत नाही, या लहान स्वातंत्र्यात आहे. जवळच्या शहरातील महाराष्ट्र मंडळाशीही आधीच संपर्क ठेवावा. उन्हाळ्यात इतरांचेही आई-वडील आलेले असतात, आणि समवयस्कांची संध्याकाळची बैठक जमली की परदेशपण निम्मे उरते.

तातडीच्या प्रसंगी 112 आणि दवाखाने बंद असताना साध्या आजारासाठी 116117, हे दोन क्रमांक फ्रिजवर लावावेत.

प्रवास

पूर्ण महिना इथे असणाऱ्या प्रत्येकासाठी डॉइचलँड-तिकीट काढावे. जानेवारी 2026 पासून त्याची किंमत महिन्याला 63 युरो आहे आणि ते देशभरातील ट्राम, बस, भुयारी रेल्वे व प्रादेशिक गाड्यांत चालते; आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारे असल्याने शेवटच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करायला विसरू नये.

पहिली मोठी सहल म्हणून मी नेहमी ऱ्हाइनचे खोरे सुचवतो. माइन्झहून कोब्लेन्झकडे जाणारी डाव्या काठाची प्रादेशिक गाडी बिंगनपासून नदीला लागून धावते. उजव्या हाताच्या खिडकीशी बसावे; किल्ले, द्राक्षांचे उतार आणि लोरेलाईचा कडा समोरून सरकत जातात. 2002 पासून जागतिक वारसा असलेला हा टापू पाहायला चढ-उतार नाही, रांग नाही आणि वेगळे तिकीटही नाही. बोपार्डला उतरून नदीकाठच्या बाकावर डबा उघडावा, हवे तर परतीचा काही भाग बोटीने करावा. बोटीचे भाडे निराळे.

बर्लिनला गेल्यास दालेम भागातील इहनेस्ट्रासे 22 ही इमारत जरूर दाखवावी. इरावती कर्वे यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस तेव्हा इथे असलेल्या मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेटचे संशोधन केले. आज ती इमारत बर्लिनच्या फ्राये युनिव्हर्सिटेट या विद्यापीठाकडे आहे. श्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे, आणि मुंबईत जन्मलेल्या मादाम कामा यांनी 22 ऑगस्ट 1907 रोजी तिथल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत भारताचा ध्वज फडकवला होता. राजवाड्यांची नावे आई-वडील विसरतील; या जागांविषयी ते परत गेल्यावर शेजाऱ्यांना सांगतील.

स्वित्झर्लंडला जाताना तीन गोष्टी पाहाव्यात. युंगफ्राउयोख 3,454 मीटर उंचीवर आहे, तेव्हा हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. युरोपीय संघातील रोमिंगची सवलत तिथे कायद्याने लागू नाही, म्हणून मोबाईलची योजना तपासावी. आणि चलन फ्रँक आहे. सीमेवर, विशेषतः ऑक्टोबर 2023 पासून जर्मनीत परतताना, तपासणी होऊ शकते. पाहुण्यांचे पासपोर्ट आणि आपला पासपोर्ट व निवास परवाना हे सारे मूळ प्रतीतच सोबत हवे.

लांबच्या गाडीत जागा आरक्षित करावी, कारण जर्मनीत तिकीट म्हणजे आसन नव्हे. फलाटावर अ, ब, क असे विभाग असतात आणि आपला डबा कोणत्या विभागात येईल ते फलकावर दिसते. गाडी येण्यापूर्वीच तिथे जाऊन उभे राहावे. गाडी तीन-चार मिनिटेच थांबते, म्हणून आधी एकाने चढावे, मग आई-वडिलांनी, आणि सामान शेवटच्याने आत द्यावे. गाडी बदलण्यासाठी किमान अर्धा तास ठेवावा. साठ मिनिटांहून अधिक उशीर झाला तर तिकिटाच्या पंचवीस टक्के आणि दोन तासांहून अधिक झाला तर पन्नास टक्के रक्कम परत मागता येते.

एका महिन्यात दोनपेक्षा जास्त मोठे दौरे ठेवू नयेत. प्रत्येक दौऱ्यानंतर पूर्ण दोन दिवस घरी, वरण-भात आणि दुपारची झोप. आठ दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या सहलींचे वेळापत्रक घरच्या माणसांवर लादण्याचे काहीच कारण नाही; आपल्याकडे नव्वद दिवस आहेत.

परतताना

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती, बोर्डिंग पास, विमा आणि हमीपत्राची प्रत एका फाईलमध्ये लावून एक संच स्वतःकडे ठेवावा. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी एप्रिल 2024 मध्ये नियम सैल झाले आहेत. मागील तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक वेळा प्रवेशाचा मिळू शकतो. त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास पाच वर्षांचाही. म्हणून आई-वडिलांच्या पासपोर्टची मुदत आताच पाहावी आणि ती तीन-चार वर्षांवर आली असेल, तर दुसऱ्या फेरीनंतर लगेच नूतनीकरण करून मगच पुढचा अर्ज करावा. जुना पासपोर्ट त्यावरील व्हिशांसह जपून ठेवावा आणि नव्या अर्जाला जोडावा.